झाकण मिटल्यावर

३ फेब्रुवारी

पडदा पुन्हा काळा! वन्सं ओरडल्या, "अगं, गेला बघ तो!" हातातलं भांडं टाकून धावले. गेलाबिला काही नव्हता. पाच मिनिटं कुणी हात लावला नाही की लॅपटॉप आपणहून पडदा विझवतो. आळशी यंत्र.

वन्संच्या मुलाने, माझ्या भाच्याने, आईसाठी पाठवलंय हे. खुब्याचं हाड मोडल्यापासून वन्सं माझ्याकडे आहेत. हे गेले, म्हणून यांची बहीण थोडीच परकी होते? मुलगा दूरच्या शहरात. तिथून कामाच्या टेबलावरून दिवसभर व्हिडिओ कॉल चालू ठेवतो. बोलत नाही, स्वतःचा आवाज बंद. आमचा मात्र त्याच्या कानात. "आईला मी दिसत राहीन, मामी. तेवढं बंद पडू देऊ नका."

४ फेब्रुवारी

सेटिंग उघडून बसले. पडदा किती वेळाने बंद करायचा — कधीच नाही. झोपायचं किती वेळाने — कधीच नाही. उजेड पूर्ण होता, वन्संच्या डोळ्यांतून पाणी यायचं. निम्म्यावर आणला. झालं! एवढ्यासाठी शेजारीण म्हणत होती, दुकानातला माणूस बोलवा.

६ फेब्रुवारी

दुपारी पुन्हा बंद. मग कळलं — चार्जर लावलेला असताना एक सेटिंग, बॅटरीवर असताना वेगळंच. खुर्चीचा पाय वायरीत अडकून चार्जर निघाला होता. दोन्हीकडे "कधीच नाही" करून टाकलं. शिवाय बॅटरी कमी झाली की उजेड आपोआप खाली आणण्याचा आगाऊपणा आहे, तोही बंद केला. माझ्या घरात मला न विचारता कुणी दिवे मंद करायचे नाहीत.

९ फेब्रुवारी

कॅमेऱ्यासमोर वावरायची सवय होतेय. केस नीट, आवाज खाली. "वन्सं, औषध घ्या हं," असं म्हणते. एरवी म्हटलं असतं, "घेताय की नाक दाबून ओतू?" वन्संही गप्पगप्प. घर कसं शहाण्यासारखं चाललंय.

११ फेब्रुवारी

भाच्याचा फोन. "मामी, दुपारी रोज कॉल तुटतो. तुम्ही... बंद करता का?"

त्या "का"मधला सूर मला कळतो. म्हटलं, "मला बंद करायचा असता तर तुला सांगून केला असता."

मग हळूच मुद्द्यावर आला. त्याच्या शहराजवळ म्हाताऱ्या माणसांचा निवास आहे. चांगला आहे म्हणे, नर्स आहेत, बाग आहे. आईसाठी खोली ठरवलीय, पुढच्या महिन्यात येऊन घेऊन जाणार. "तुमच्यावर किती दिवस भार टाकायचा?"

वन्संना विचारलं. "तो म्हणेल तसं," म्हणाल्या आणि भिंतीकडे वळल्या.

मी काय बोलणार? आई त्याची.

१३ फेब्रुवारी

निर्णय त्याचा, पण कॉल तोडल्याचा ठपका मी ठेवून घेणार नाही. आज लॅपटॉपचं झाकण मिटलेलं सापडलं. बिजागरी सैल झाली असणार. झाकण पडलं की यंत्र झोपतं आणि कॉल तुटतो. त्याचंही सेटिंग निघालं! झाकण मिटल्यावर काय करायचं? निवडलं — काहीही नाही. आता झाकण खुशाल पडू दे, कॉल चालूच राहील.

१५ फेब्रुवारी

कॉल तुटला नाही. बघा म्हणावं.

१६ फेब्रुवारी

बिजागरी कसली सैल! दुपारी दाराशी उभी राहून पाहिलं. वन्संनी काठी उचलली, टोकाने झाकण ढकललं — टप्प! — आणि पांघरूण ओढून घेतलं.

"वन्सं!"

"ओरडू नकोस. आधी बरं वाटायचं. आता कंटाळा आला. कामधाम सोडून तो माझ्या जांभया मोजतो. आणि तू! त्याच्यासमोर इतकं गोड बोलतेस की मला वाटतं, डॉक्टरांनी आशा सोडलीय."

मग काय विचारता! साठलेलं सगळं बाहेर आलं. मी पाय आपटत चालते. त्या औषध कुंडीत ओततात. खिडकी उघडी ठेवायची की बंद. माझ्या हातच्या घड्या वाकड्या — हे तर लग्न झाल्यापासूनचं. दोघींचेही आवाज चढले. किती मोकळं वाटलं!

आणि मध्येच वन्सं थांबल्या. "मला त्या निवासात जायचं नाही गं. तिथे सगळे मला आजी, आजी करतील. इथे निदान कुणीतरी धड खेकसतं."

"मग सांगा त्याला."

"त्याने एवढ्या मायेने ठरवलंय. नाही म्हणवत नाही."

"मी सांगते."

"माझी शपथ आहे तुला! तू बोललीस तर म्हणेल, मामीने फितवलं."

शपथ घातली. संपलं. मला ती मोडता येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. "तुम्ही गेलात तर मी भांडू कुणाशी?" एवढं मात्र तोंडातून निघून गेलं. उगाच. वन्संनी ऐकलं नसेल, अशी आशा.

दुपारभर झाकण तसंच राहू दिलं.

१८ फेब्रुवारी

भाच्याचा फोन आला, माझ्या मोबाइलवर. "मामी, परवा पडदा काळा होता. आवाज येत होता. सगळा."

सेटिंग मीच केलेलं, आणि मीच विसरले!

"खोली नको म्हणून कळवलंय. आईला सांगा, माझाच विचार बदलला." मग नुसता नाक ओढल्याचा आवाज.

"सर्दी झालीय तुला. वाफ घे," म्हटलं आणि फोन ठेवला.