पालकसभेतलं गाऱ्हाणं

ती. मैनाआत्या,

दर्शनाचा वाकून नमस्कार. (समोर असतीस तर वाकायच्या आधीच मी दाराआड गेले असते, म्हणून कागदावर पाया पडून घेते.) तुझा गुडघा कसा आहे? सावर्ड्याच्या बाजारातून अजून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत येतेस काय गो? नको येऊस, रिक्षा कर. काकांचा खोकला गेला काय? आमच्याकडे सगळी बरी आहेत. आई काजूच्या फॅक्टरीत जाते, बाबा मुंबईला कॅन्टीनातच आहेत, आणि सानवी दुसरीत जाऊन पुढचे दात पाडून बसली आहे. फोनच करणार होते, पण तू "बोल गो, बोल" म्हणालीस की माझी जीभ टाळ्याला चिकटते. आणि आज सांगायचंय ते मोठं आहे. आत्या, मी सभेत बोलले. मी, तुझी दर्शना. खाली बस आणि मग पुढचं वाच.

शाळेत नम्रताबाई म्हणून नवीन बाई आल्यात, सोलापूरकडच्या. बाई चांगल्या आहेत, पण नियमांच्या भारी. आल्याआल्या पालकसभा लावलीनी. आईला फॅक्टरीतून सुट्टी मिळेना. तिने मला धाडलंन्. म्हणाली, जा, ऐकून ये, तुला तोंड उघडावं लागणार नाय. सानवीने तर वर्गात आधीच सांगून ठेवलंन् होतं की आमच्याकडून माझी ताई येणार. (जशी काय कलेक्टर येणार.) सानवीला पहिलीत अक्षर लागत नव्हतं, ते तुला माहीत आहे. रोज संध्याकाळी मी तिला घेऊन बसते. आता एसटीची पाटी येताना दिसली की गाडी थांबायच्या आत वाचते. त्यामुळे गेले खरी, पण पडवीतल्या खांबामागची जागा धरली.

आता आपल्याकडे काही सुरू करायचं म्हणजे नारळ आलाच. बाबल्याकाकाने (देवळात गाऱ्हाणं घालतो तोच) टेबलावर नारळ ठेवून शाळेसाठी झकास गाऱ्हाणं घातलंन्. पोरांना बुद्धी दे, छपराला कौलं दे, आणि बाईंची बदली लवकर होऊ देऊ नको रे महाराजा. आम्ही सगळ्यांनी होय महाराजा केलं. नेमक्या तेव्हा बाई आत नियमांचा कागद शोधत होत्या. त्या बाहेर आल्या आणि माइक नाय म्हणून आवाज चढवून, नेमका गाऱ्हाण्यासारखाच हेल काढून वाचायला लागल्या. मुलांची नखं दर सोमवारी कापलेली असावीत! थांबल्या. आत्या, शपथेवर सांगते, कोणी ठरवलं नव्हतं. अख्खी पडवी एका सुरात म्हणाली, "होय महाराजा!"

बाई दचकल्या, पण पुढे वाचत राहिल्या. डब्यात पाकिटातला खाऊ देऊ नये. होय महाराजा. आंब्याकाजूच्या दिवसांत मुलांना बागेत नेऊ नये. (इथे जरा हळू, पण होय महाराजा.) मुंबईतल्या वडिलांनी फोनवर फक्त जेवलास काय असं न विचारता आज काय शिकलास हेही विचारावं. होय महाराजा. चित्रं मुलांनी स्वतः काढावीत, आजोबांनी नाय. होय महाराजा. सभेला आणि अभ्यासाच्या चौकशीला आई किंवा वडील यांनीच यावं, भावंडांना पाठवू नये. होय महाराजा! यात सगळ्यात मोठा आवाज कोणाचा होता, विचार. माझा. गर्दीत मला आवाज आहे गो. काय बोलले ते नंतर कळलं.

तेवढ्यात बाईंनी कागद खाली ठेवला. डोळे भरले होते त्यांचे. तुम्हाला माझी चेष्टाच करायची असेल तर मी थांबते, म्हणाल्या. सगळे जमिनीकडे बघायला लागले. बाबल्याकाका पुटपुटला, "आता काय चुकलं आमचं?" पण कोणी समजावून सांगेना. मला तर बाईंचं तोंड बघवेना. खांबामागून कोणीतरी बोललं, "बाई, चेष्टा नाय. देवाला गाऱ्हाणं घालतात तेव्हा आम्ही असं म्हणतो. असं म्हटलं की शब्द दिला. मग मोडत नाय कोणी."

ते कोणीतरी मी होते.

बाईंचा चेहरा उजळला. म्हणजे माझे सगळे नियम तुम्हाला मान्य? पडवी म्हणाली, होय महाराजा. बाई हसल्या आणि मला विचारलंनी, तुम्ही कोणाच्या आई? (माझे कान तापले.) सानवीची ताई, म्हटलं. बाईंनी कागदाकडे बघितलं, मी नारळाकडे बघितलं. खिडकीला सानवी नाक लावून उभी होती. माझ्याच तोंडाने मी पालकपणातून बाद झाले होते.

बाई म्हणाल्या, या वेळी चालेल. पण बाबल्याकाका अडला. "चालेल कसं? नारळासमोर होय म्हटलंय. सूट हवी तर महाराजाकडे मागायची. जिला हवी तिने मागायची. ऊठ गो बाय." मागून कोणीतरी कुजबुजलं, बाईमाणूस गाऱ्हाणं घालणार? काका गुरगुरला, "देऊळ नाय हे, शाळा आहे. गप बस."

आत्या, मी खांबाला धरून उठले. खिडकीतून सानवी ओरडली, "मोठ्याने बोल, ताई!" (हे मी तिला रोज वाचताना सांगते.) मग मी डोळे मिटले आणि सुटलेच. बा महाराजा, आई फॅक्टरीत खपते, बाबा मुंबईत भांडी घासतात, तर सानवीचं दप्तर, वेणी, पाढे आणि वाचन मी बघते, तर तिची पालक म्हणून मला मानून घे, आणि असं ज्या घरात असेल तिथे आजी, काकी, ताई, जी कोण पोराला घेऊन बसते तिलाही मानून घे रे महाराजा! पडवी गरजली. सगळ्यात शेवटी, जरा चुकीच्या सुरात, नम्रताबाई म्हणाल्या, "होय महाराजा." आणि कागदावर तो नियम खोडून नीट लिहिलंनी. अख्ख्या वाडीत आता मला सानवीची पालक म्हणतात. मीही मान खाली न घालता ऐकते. (थोडी घालते.)

काकांना नमस्कार. गुडघ्याला तेल चोळ.

तुझी,
दर्शना

ता. क. : सभेनंतर बाईंनी विचारलंनी, शाळा कितवीत सोडलीस? नववीत म्हटलं. का ते सांगितलं नाय. तुला माहीत आहे, सर उभं करून मोठ्याने वाचायला लावायचे. बाई म्हणाल्या, सतरा नंबरचा फॉर्म भर, बाहेरून दहावीला बस, अभ्यास मी घेते. मला बसायचंय आत्या. पण बाबा म्हणतील आता कशाला, स्थळं बघू. मोठ्या बहिणीपुढे त्यांचं काही चालत नाय. रविवारी त्यांना फोन कर ना. एवढ्यासाठीच पत्र लिहायला घेतलं होतं.

ता. क. दुसरा : फक्त हे मी सांगितलंय असं त्यांना सांगू नकोस. तुझ्याच मनात आलं म्हण.

ता. क. तिसरा : नको. मीच म्हटलंय असं सांग. आणि मग मला फोन करायला लाव त्यांना.