बापूंच्या तेलाचा डाग

ती. भाविकाताईस,

शहाद्याहून प्रतिभाचा वाकून नमस्कार. (मनातल्या मनात वाकले आहे. खरोखरचं वाकता येत नाही, कारण सोफा एकटीने ढकलल्यापासून कंबर धरली आहे. ते पुढे येईलच.) तू, जिजाजी आणि सुरतेतली सगळी मंडळी खुशाल असाल असं धरून चालते. तुझ्या गुडघ्याचं काय म्हणणं आहे? माझी तब्येत विचारशील तर भूक लागत नाही, दार वाजलं की मी मोरीत जाऊन उभी राहते आणि एस.टी.चा हॉर्न ऐकला की हातातलं भांडं पडतं. आमचं घर स्टँडच्या मागेच असल्यामुळे भांडी फार पडतात.

आता म्हणशील, फोन सोडून ही पत्र काय लिहीत बसली. ताई, फोनची सोय राहिलेली नाही. सासूबाई त्यांच्या भावाकडे धानोऱ्याला गेल्या आहेत, भावाच्या नातवाच्या जावळाला, आणि माझी नणंद रुपा त्यांना रोज संध्याकाळी घरातलं सगळं फोनवर सांगते. वाईट हेतूने नाही गं, पोर मनाने निर्मळ आहे, पण आज भाजी कसली झाली इथपासून वहिनी कोणाशी बोलत होती इथपर्यंत सगळं जातं. म्हणून हे पत्र. आमच्या शेजारचा भाग्येश उद्या दुकानासाठी कापड आणायला सुरतेला येतो आहे, तो तुझ्या हातात देईल. वाचून झालं की फाडून टाक, आणि जिजाजींना वाचून दाखवू नकोस, ते हसतात.

तुला आमचा मरून मखमलीचा सोफा आठवत असेल. उजव्या कोपऱ्यात, पाठ टेकायच्या जागी, डोक्याएवढा तेलकट डाग होता. (होता. हा शब्द दोनदा खोडून पुन्हा लिहिला.) तो डाग माझ्या सासऱ्यांचा, बापूंचा. साखर कारखान्यातून वजनकाट्यावरची ड्युटी करून आले की डोक्याला तेल थापायचे आणि तिथे मान टाकून पडायचे. बापूंना जाऊन आता पाच-सहा वर्षं झाली, पण त्या कोपऱ्यात घरातलं कोणी बसत नाही. सासूबाईंनी तसा नियम केलेला नाही. त्या काही बोलतच नाहीत, तीच तर भीती आहे. मागे एक विमावाले गृहस्थ तिथे टेकले होते. सासूबाई समोरची खुर्ची दाखवून नुसत्या म्हणाल्या, "तठे नको, आठे बठा." त्या माणसाने पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि पॉलिसीचं विचारायला परत आला नाही. ओरडणारी सासू परवडली ताई, ओरडून मोकळी तरी होते. आमच्या सासूबाई "बरं" म्हणतात आणि मग आठवडाभर घरात नुसता पंख्याचा आवाज असतो.

तर झालं असं, की येत्या रविवारी रुपाला बघायला नंदुरबारची मंडळी येणार आहेत. मुलगा शिक्षक आहे, घर चांगलं आहे, हे स्थळ हातचं जाता कामा नये. सासूबाई निघताना म्हणाल्या, "घर चकाचक ठेव." मला तेवढं पुरे झालं. सोफ्यावर चहाचे, वरणाचे, कोणाच्या तरी मेंदीचे असे सगळ्या प्रकारचे डाग, आणि खालच्या गालिच्यावर पाय ठेवला की धूळ उडते. समोरच्या मोतीबाई म्हणाल्या, खाण्याचा सोडा टाकून घास. मी घासला. जिथे घासला तिथे पांढरट पट्टा उमटला, आणि सोफा पहिल्यापेक्षा जास्त मळका दिसायला लागला. मग यांनी (म्हणजे योगेंद्रने, तुझ्या मेहुण्याचं सगळं ज्ञान मोबाईलमधून येतं) ठरवलं की हे काम माहीतगार माणसाचं आहे.

मी नंदुरबारला फोन लावले. पहिला म्हणाला, गरम पाणी दाबाने मारायचं आणि लगेच यंत्राने ओढून घ्यायचं, मळ पाण्याबरोबर बाहेर. दुसरा म्हणाला, पाणी म्हणजे सोफ्याचं मरण, आतलं लाकूड फुगतं, फोम कुजतो, वास कधी जात नाही. कोरडी पावडर टाकायची, ब्रशने मुरवायची, ती मळ पिऊन घेते, मग व्हॅक्यूमने उचलायची. तिसरा म्हणाला, पावडर शिवणीत राहते आणि पाहुण्यांना शिंका येतात. वाफ द्यायची, डागही जातो आणि किडे-जंतूही मरतात. आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या पद्धतीने कोणाचा तरी सोफा कसा वाया गेला ते इतक्या तपशिलाने सांगितलं, की फोन ठेवल्यावर मी सोफ्याकडे आजारी माणसाकडे बघतात तशी बघत बसले. एकाचा रंग उतरला, एकाची मखमल आखडली, एकाच्या घरात सोयरीक मोडली. (शेवटचं मी त्याला दोनदा विचारलं. तो म्हणाला, वासामुळे.)

चौथा हेमराज. याच्याकडे सगळी यंत्रं आहेत असं तो म्हणाला, आणि खरंच टेम्पोभर घेऊन आला. बोलका इतका, की यंत्र चालू असतानाही थांबत नाही. त्याचं म्हणणं, ताई, तुम्ही कशाला घोळात पडता, प्रत्येक बैठकीवर वेगळी पद्धत लावतो, तुम्हीच बघा कुठली सरस. मला वाटलं, शहाणा माणूस दिसतो. डाव्या बैठकीवर त्याने पावडर टाकली आणि त्याच वेळी रुपाने पंखा लावला. देवघरातल्या बाळकृष्णापासून फ्रीजपर्यंत सगळं पांढरं झालं. मधल्या बैठकीवर शाम्पूचा फेस करून गरगर फिरणारा ब्रश चालवला. मळ निघाला, खोटं कशाला बोलू, पण मखमल अशी एका बाजूला चिकटली जशी गाईने वासरू चाटावं. गालिच्यावर गरम पाणी. ओढून घेणाऱ्या यंत्राच्या टाकीत काळं पाणी जमलं ते बघून मला शरम वाटली, आणि गालिचा अजून गच्चीवर ठिबकतो आहे.

राहिला उजवा कोपरा. तिथली बैठक वाफेने कर, पण पाठीला हात लावायचा नाही, असं मी हेमराजला बजावलं. व्हॅक्यूम चालू होता, तरी त्याने मान हलवली. (तो सगळ्यालाच मान हलवतो, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.) आणि चूक नको म्हणून मी काय केलं, ऐक. रांगोळीच्या डब्यातला खडू आणला आणि बापूंच्या डागाभोवती स्वतःच्या हाताने छान गोल काढला. म्हणजे कोणाचा हात तिथे जाणार नाही. मग सगळी यंत्रं एकदम लागल्यामुळे घरातली लाईट गेली, मी बाहेर मीटरपाशी खटका चढवायला गेले, तिथे मोतीबाई भेटल्या, रुपाच्या स्थळाची चौकशी झाली, आणि आत आले तर गोलही नाही आणि डागही नाही. मखमल नवी कोरी. हेमराज घाम पुसत म्हणाला, खूण केली ते बरं केलं, गिऱ्हाईक खडूने खूण करतं तो डाग आमच्या धंद्यात सगळ्यात आधी घ्यायचा असतो.

मी मटकन खाली बसले. (ओल्या जागेवर.) त्याला वाटलं मला आनंद झाला. वर म्हणतो कसा, तुम्ही जुना डाग म्हणत होता, जुनं तेल धाग्यात बसतं, पिवळं पडतं, जीव काढतं. हे तर ताजं होतं, वाफेच्या एका फटक्यात आलं. स्वतःच्या यंत्राची किती ती बढाई. मी त्याला हात जोडून म्हटलं, भाऊ, हा डाग परत आण. तुझ्याकडे इतक्या पद्धती आहेत, त्यातली एखादी उलटी चालव. त्याने नळी गुंडाळायला घेतली. म्हणाला, "ताई, डाग काढाना धंदा शे मन्हा, लावाना नही." आणि यंत्रं आवरून इतक्या घाईने गेला की एक ब्रश इथेच राहिला.

तेव्हापासून ताई, मी डाग लावायच्या पद्धतींचा अभ्यास करते आहे. खोबरेल लावून पाहिलं, ते पसरून नकाशासारखं झालं, पुसून काढलं. शेंगदाण्याच्या तेलाने रंग बरोबर आला, पण दिवाणखान्यात भज्यांचा वास सुटला आणि यांनी दोनदा स्वयंपाकघरात डोकावून पाहिलं. शेवटी यांनाच डोक्याला तेल थापून त्या कोपऱ्यात बसवलं, क्रिकेट लावून दिलं. पण हे बापूंपेक्षा बुटके, आणि डोक्यावर केस किती उरलेत ते तुला माहीत आहे. डाग चार बोटं खाली पडला, तोही दोन पुऱ्यांसारखा. तो पुसायला सोफा खिडकीपाशी ढकलला तेव्हाच कंबर गेली. हे म्हणाले, तू केलंस, तू निस्तर. आई येईल तेव्हा मी घरात नसेन. आता तिथे चादर टाकून ठेवली आहे, आणि रुपाला सांगितलं आहे की मखमल अजून ओली आहे.

मला खरंच भीती वाटते गं. रागाची नाही. बापूंचे कपडे दान केले, चष्मा त्यांच्याबरोबर गेला, काठी थोरल्या नणंदेच्या नवऱ्याने नेली. त्या माऊलीकडे नवऱ्याचं म्हणून एवढंच उरलं होतं आणि मी ते वाफेने धुऊन काढलं. त्या चादर उचलतील तेव्हा काय म्हणतील याची भीती नाही, काहीच म्हणणार नाहीत याची आहे. शनिवारी त्या येतात. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. माझ्यासाठी देवापाशी एक दिवा लाव.

तुझी,
प्रतिभा

ता. क. : पत्र लिहायचं खरं कारण राहूनच गेलं. बापूंचं ते तेल, ब्राह्मी-माक्याचं, उग्र वासाचं, तुमच्या गल्लीच्या टोकाला वैद्यांच्या दुकानात मिळायचं ना? जिजाजीच आणून द्यायचे. त्याची एक बाटली भाग्येशबरोबर नक्की पाठव. जिजाजींनी शेवटी आणलेला अख्खा खोका कपाटात होता, मी धावत जाऊन काढला, तर सगळ्या बाटल्या रिकाम्या. झाकणं मात्र घट्ट लावलेली. खान्देशातलं ऊन बंद बाटलीतलं तेलसुद्धा आटवतं, दुसरं काय म्हणायचं. तेल आलं की उंची मोजून मीच डोकं टेकून बसणार आहे.

ता. क. २ : ताई, सासूबाई आजच आल्या. कोणी फोन नाही, काही नाही, दारात पिशवी घेऊन उभ्या. आल्या आल्या सरळ सोफ्यापाशी गेल्या, चादर उचलली, समोर खुर्ची ओढली आणि बसून बघत राहिल्या आहेत.  आता म्हणाल्या, "प्रतिभा, चहा ठेव." पाकीट इथेच शोकेसवर ठेवते, डिंक चहा देऊन आल्यावर लावेन. माझं काही बरंवाईट झालं तर माझ्या पैठण्या तू घे.

भाविका, मी रुक्मिणीबाई, प्रतिभानी सासू, लिखी ऱ्हायनी. पाकीट उघडं व्हतं म्हनीसन वाचं. तुन्ही बहीन चहा करी ऱ्हायनी, कपबशा आठपावत वाजी ऱ्हायन्यात. त्या सोफावालानी बराबर वळखं, तेल ताजंच व्हतं. बापूसना डाग त ते गयात त्याच उन्हायामा उडी गया. मंग मी काय करू. दुपारले घर निजनं का मीच त्यासनं तेल मन्हा डोकाले लावस आन तठे डोकं टेकीसनी बठस. त्यासना वास येस. आते बाटल्या सरन्यात, आन तेल मांगानी माले लाज वाटे. तेल धाड, दोन बाटल्या धाड, पन मन्हा नावनी धाड. हाई प्रतिभाले सांगू नको. घाबरी गयी म्हनीसन घर कसं चकाचक ठेयेल शे, रविवारपावत तसंच ऱ्हाऊ दे. डागनं मी दखी लेसू. पाकीट मीच चिटकाडी ऱ्हायनी.