जेवण कमी केलं, एवढंच सांगितलं होतं

कामोठे,
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय ज्ञानू,

रामकृष्ण हरी. आईंना दंडवत सांग, वहिनींना नमस्कार. तुझ्या हाताची सूज उतरली का? प्लॅस्टरच्या आत खाज सुटते, तेव्हा विणायची सुई घालून खाजवू नकोस, जखम होते. आम्ही इथे ठीक आहोत. मीनाची नेहमीची कंबर सोडली तर तक्रार नाही. तळोज्याला कंपनीत स्टोअरची मोजदाद चालू आहे, त्यामुळे यायला उशीर होतो.

पत्र बघून तुला नवल वाटेल. मी तुला शेवटचं पत्र लिहिलं ते नोकरी लागली तेव्हा. आता फोन आहे. पण गेल्या पंधरा दिवसांत मी तुला चार वेळा फोन केला आणि चारही वेळा हाताचं विचारून ठेवून दिला. कागदावर तू मध्ये बोलत नाहीस, तेवढं बरं पडेल.

गेल्या महिन्यातल्या एकादशीपासून सुरू करतो. २९ तारीख, गुरुवार. त्या दिवशी मी साडेचारला उठलो, अंघोळ केली, हरिपाठ म्हटला आणि मीना उठायच्या आत दार हळूच ओढून बाहेर पडलो. ती उठली असती तर तिने पावडरचा पेला हातात दिला असता. प्रोटीनची पावडर असते, रोज सकाळी मला ती घ्यावीच लागते. का, ते पुढे येईल. त्या दिवशी मी पावडरही घेतली नाही आणि पाणीही नाही. निर्जळ करायची, असं आदल्या दिवशी ठरवलं होतं. तसाच व्यायामाच्या क्लासला गेलो.

हा क्लास तुला माहीत नाही. आमच्या सोसायटीपासून दोन गल्ल्यांवर, दुकानांच्या माथ्यावर एक हॉल आहे. सहा वाजता पंधरा-वीस जण जमतात. मोठ्याने गाणी लावतात. चाळीस सेकंद जीव तोडून करायचं, वीस सेकंद थांबायचं, लगेच पुढचा प्रकार. असे आठ प्रकार आणि त्यांच्या चार फेऱ्या. त्यातल्या एकाला बर्पी म्हणतात. उभ्याने खाली बसायचं, पाय मागे फेकून पालथं व्हायचं, उठायचं आणि उडी मारायची. दंडवत घालायचा आणि देव दिसायच्या आत उठून उभं राहायचं, असं समज. माझ्या वयाचा तिथे दुसरा कोणी नाही. शिकवणारा मितेश इथल्याच खाडीकाठच्या गावातला, पस्तिशीचा. जिथे हॉल आहे तिथे त्याच्या आजोबांचं भाताचं शेत होतं. पहिल्या दिवशी मला बघून म्हणाला, "काका, तुमी आरामात करा, आपल्याला कुनाचं लगीन लावायचं नाय." सगळे हसले, मीही हसलो.

पण मी आरामात करत नव्हतो. पोटाची आणि दंडांची कातडी लोंबते, ती उडी मारली की अंगावर आपटते. आवाज येऊ नये म्हणून आत घट्ट बनियन घालायचो आणि सगळ्यांच्या बरोबरीने करायचो. घरी आलो की जिन्यात बसून राहायचो. मीना विचारायची की तुम्हाला कोणी शिक्षा केली आहे का.

डिसेंबरातल्या सप्ताहाचं आता बोलायला हवं. त्याआधी वर्षभर मी गावी आलो नव्हतो. आदल्या वर्षी कंपनीचं ट्रेनिंग गुजरातला आहे म्हणालो, नंतर रजा नाही म्हणालो. मग सप्ताहाला आलो तेव्हा देवळाच्या पायऱ्यांवर तू मला ओळखलंच नाहीस. एकशे अठ्ठावीस किलोचा सिताराम ब्याऐंशीचा होऊन आला होता. पंगतीत पैजेने तुझ्या वाट्याचीही जिलबी खाणारा मी, त्या दिवशी दोन घास भात घेऊन उठलो. सगळे विचारत होते. मी प्रत्येकाला एकच सांगितलं, जेवण कमी केलं, देवाची कृपा झाली. ह्यात खोटं काही नाही, असं मी स्वतःला दिवसभर समजावत होतो.

काल्याच्या कीर्तनात महाराजांनी ते उचललं. एकभुक्त राहून, नामाच्या बळावर माणूस देह कसा जिंकतो, ते ह्या माळकऱ्याकडे बघा, म्हणाले. मला पुढे बोलावलं, उपरणं घातलं, नारळ दिला. तू पखवाजावर थाप मारलीस. त्या वेळी मी माईकपासून दोन हातांवर उभा होतो. चार शब्द बोललो असतो तर पुरलं असतं. मी खाली वाकलो, नारळ कपाळाला लावला आणि जागेवर येऊन बसलो.

तरी ते महाराजांचं बोलणं होतं. माझं पाप त्या संध्याकाळचं आहे. तू विहिरीच्या कठड्यावर बसलास आणि म्हणालास, "सिता, मलाही शुगर आहे, माझंही वजन शंभराच्या वर गेलंय. नेमकं काय केलंस ते सांग." दुसरं कोणी नव्हतं. तुझ्यापासून लपवावं असं आपल्यात आजवर काही नव्हतं. आणि मी तुला म्हणालो, एक वेळ जेवायचं आणि पहाटे उठून घाम काढायचा.

ज्ञानू, मी तोवर एक दिवसही घाम काढला नव्हता.

माझं ऑपरेशन झालं आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये. पोटाला पाच भोकं पाडून जठराचा मोठा भाग कापून काढतात, केळ्याएवढी नळी ठेवतात. त्यामुळे दोन घासांत पोट भरतं, अंगात ताकद राहावी म्हणून ती पावडर. त्यात नेम नाही, निग्रह नाही. जास्त जेवलो तर उलटी होते, म्हणून जेवत नाही. माझी शुगरची गोळी डॉक्टरांनी स्वतः बंद केली, रक्त तपासून. ट्रेनिंग नव्हतं, मी इथेच इस्पितळात होतो. ऑपरेशनला नेताना गळ्यातली माळ काढून मीनाच्या हातात दिली, तेव्हा तिने विचारलं, "भावजींना तरी सांगायचं ना?" मी नको म्हणालो. तुला राग येईल, पण खरं कारण लिहितो. मला लाज वाटली. चाळीस वर्षं हरिपाठ म्हणणाऱ्या माणसाला जिभेपुढे काही जमलं नाही आणि शेवटी चाकू लावावा लागला, हे गावात कळू नये असं वाटलं. पंगतीत माझ्या खाण्यावर सगळे हसायचे तेव्हा मीही हसायचो, पण ते मला लागायचं. हे तुलाही कधी सांगितलं नव्हतं.

गावाहून परत आलो आणि आठ दिवसांत त्या क्लासला नाव घातलं. तुला सांगितलं ते मागाहून तरी खरं व्हावं म्हणून. नाव घालताना फॉर्म होता. त्यात विचारलं होतं की काही शस्त्रक्रिया झाली आहे का. मी "नाही" लिहिलं. एकदा सुरुवात झाली की पुढचं लिहायला हात अडत नाही.

मग २४ जानेवारीला वहिनींचा फोन आला. तू कालव्याच्या रस्त्यावर पहाटे धावायला गेलास, रात्रीचं जेवण नाही, गोळी मात्र घेतलेली, आणि चक्कर येऊन मोरीच्या दगडावर पडलास. दूध घालायला निघालेल्या माणसाने पाहिलं म्हणून. उजवं मनगट मोडलं. ज्या हाताने तू वाजवतोस तो. वहिनी सांगत होत्या आणि मला फक्त विहिरीचा कठडा दिसत होता. दोन दिवसांनी तुझ्याशी बोललो तर तू माझीच समजूत काढलीस. म्हणालास, "तुझ्याएवढी निष्ठा माझ्यात नाही रे. पण मी सोडत नाही. प्लॅस्टर निघू दे."

तेव्हा सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी निर्जळ एकादशी धरली. आपल्यासारखी माणसं हीच चूक करतात बहुतेक. ज्याचा अपराध केला त्याच्याकडे जायचं सोडून देवाकडे जाऊन बसतात, तिथे उलट बोलणारं कोणी नसतं.

त्या सकाळी तिसऱ्या फेरीत माझ्या डोळ्यांपुढे अंधार आला. भिंतीला धरून खाली बसलो. गाणी बंद झाली. क्लासला येणाऱ्या, बँकेतल्या प्रियदर्शिनी मॅडमनी पिशवीतून ग्लुकोज काढून पेलाभर पाण्यात ढवळलं आणि माझ्यापुढे धरलं. ऑपरेशन झालेल्या माणसाने असं गोड पाणी एकदम प्यायचं नसतं, हे मला पाठ आहे. आहाराच्या मॅडमनी दोनदा लिहून दिलं होतं. पण नको म्हणायचं तर का ते सांगावं लागलं असतं. मी पेला घेतला आणि सगळा प्यालो.

पुढचा अर्धा तास तुला सांगत नाही. छाती धडधडत होती, अंग थरथरत होतं, तिथल्याच बादलीत उलट्या झाल्या. मितेशने वारा लागावा म्हणून माझा शर्ट-बनियन वर केला आणि हात थांबवला. लोकांना बाहेर जायला सांगितलं. माझ्याजवळ मांडी घालून बसला. आवाज अगदी हळू होता त्याचा.

"माज्या आत्याची हीच सर्जरी झालीय, काका. ही भोकं वलखतो मी. तुमी फॉर्मवर नाय लिवलं. आज काय झालं असतं तर ह्या मॅडमनी आयुष्यभर काय म्हनलं असतं? का आपन पानी पाजून मानूस मारला. बरोबर ना?"

मी हो म्हणालो.

"मंग असं कुनाला फसवू नका."

त्याला माझ्यापुरतंच म्हणायचं होतं. पण मी घरी येईपर्यंत, त्याच्या स्कूटरच्या मागे बसून, प्रियदर्शिनी मॅडमच्या जागी मी होतो आणि पेला तुझ्या हातात होता. फरक एवढाच की त्या बाईंना ठाऊक नव्हतं आणि मला होतं.

डॉक्टर जास्त बोलले नाहीत. तीन महिने चालणं आणि हलका व्यायाम, उपास बंद, क्लासला परत जायचं तर त्यांची चिठ्ठी घेऊन. मीना मात्र खूप बोलली. तिने उपास बंद केले तेव्हा मी वाद घातला नाही. आता रोज दूध-पनीर खाऊन मग हरिपाठ म्हणतो, येत्या एकादशीलाही तसंच. मन लागत नाही, हे खरं आहे. लागेल.

तरीही मी तुला सांगितलं नाही. आठ दिवस गेले. परवा शुक्रवारी वहिनींचा फोन आला की तू प्लॅस्टरमध्येच पुन्हा एकभुक्त सुरू केलंस, गोळ्या चालूच आहेत. मग मात्र मी त्यांना सगळं सांगितलं. आधी गोळीचं सांगितलं, उपाशीपोटी ती घेतली की साखर एकदम उतरते, मग माझं. त्या म्हणाल्या, "भावजी, मी सांगून काय उपयोग? ते ऐकतात ते तुमचं." काल त्यांचाच पुन्हा फोन आला. त्यांनी तुला सांगितलं, तर तू हसलास म्हणे. सिता माझी समजूत काढायला खोटं बोलतोय, त्याला मोठेपणा नको असतो, असं म्हणालास आणि ताट बाजूला सारलंस.

ज्ञानू, मी खोटं सांगितलं ते तू मानलंस, आणि खरं सांगितलं तर तुला ते खोटं वाटतं. तुझ्यावर मी अशी वेळ आणली. काल रात्रीचं जेवण मला गेलं नाही. मीनाने विचारलं, आता काय करणार? मी म्हणालो, कागद काढ.

मीनाचा भाऊ रणजीत आज दुपारी गाडीने गावाकडे निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देतो. सोबत इस्पितळातून सोडतानाच्या कागदाची प्रत आहे. त्यावर माझं नाव, तारीख, वजन आणि ऑपरेशनचं नाव आहे. वाचता आलं नाही तर तुझ्या डॉक्टरांना दाखव आणि गोळ्यांचं त्यांनाच विचार. रणजीत घरी येईल तेव्हा त्याच्यासमोर जेव. तो जेवण बघूनच उठणार आहे, तसं त्याला सांगितलं आहे. रागावायचं असेल तर जेवल्यावर फोन कर, कितीही वाजता. मी ठेवून देणार नाही.

आणि आज सकाळी महाराजांना फोन केला. ऐकून घेतलं, मग म्हणाले, झालं ते झालं, आता मंडळात कशाला काढायचं, लोकांची श्रद्धा बसली आहे. मी म्हणालो, त्यातल्या एकाचं मनगट मोडलं आहे. नमस्कार करून फोन ठेवला आणि तोच इस्पितळाचा कागद भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं:

"माझं वजन उपासाने उतरलं नाही, ऑपरेशनने उतरलं. काल्याच्या दिवशी मी गप्प बसलो आणि ज्ञानूला खोटं सांगितलं. माझं बघून कोणी जेवण सोडू नये. शुगरची गोळी घेणाऱ्याने तर मुळीच नाही. सिताराम."

नऊ वाजून दहा मिनिटांनी पाठवलं. सत्तावीस जणांनी वाचलं आहे.

तुझा अपराधी आणि तरीही तुझाच,
सिताराम