श्वास धरा, बाबा

ती. आत्या,

नमस्कार. (साष्टांग घालायला तूर्त डॉक्टरांची मनाई आहे, तो उधार समज.) तुझे गुडघे कसे आहेत? माझी तब्येत, लिम्फोमा सोडला तर, उत्तम आहे. म्हणजे डोक्यावर केस नाहीत आणि वरणाला खिळ्यांची चव लागते, पण ते औषधामुळे. तू शेजारी सगळ्यांना सांगितलंस म्हणे, की पोरीला भट्टीत घातलं. आत्या, तो एमआरआय होता! डोक्यापासून पायापर्यंत सगळ्या अंगाचा फोटो. गाठी कुठे राहिल्यात, औषध लागू पडतंय का, ते त्यात कळतं. त्यात क्ष-किरण नसतात, त्यामुळे माझ्यासारख्या कोवळ्या वयात पुन्हा पुन्हा तपासायला तो बरा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. अट एकच, हलायचं नाही. मला ते सहज जमतं (गणिताच्या तासाची सवय).

घोळ घातला तो तुझ्या धाकट्या भावाने. "मी आत बसणारच," म्हणाले. तिथलं चुंबक जबरदस्त, म्हणून तंत्रज्ञ ताईंनी त्यांच्याकडून किल्ल्या, घड्याळ आणि शेवटी पट्टासुद्धा काढून घेतला. आजारी मी, पण वजन उतरलंय बाबांचं, त्यामुळे पॅन्ट एका हाताने धरून बसायची पाळी आली. ताईंनी मला समजावलं, की हेडफोनमध्ये 'श्वास धरा' ऐकू आलं की धरायचा, 'सोडा' म्हटलं की सोडायचा. बाबांनीही मान डोलावली. त्यांच्या कानात मात्र मशीनच्या आवाजापायी बोळे होते, सूचना कुठून ऐकू येणार? मग त्यांनी आपलंच शास्त्र काढलं: मशीन खडखडलं की श्वास धरायचा, थांबलं की सोडायचा. सुरुवातीला निभावलं. नंतर एक खडखड अशी लांबली, की बाबा खुर्चीवरून अलगद जमिनीवर आले. मशीन थांबवलं, माणसं धावली. पण तोवर मला असं हसू फुटलं होतं, की पोटाचे सगळे फोटो हलले आणि तेवढा भाग परत काढावा लागला.

डॉक्टरीणबाई आल्या तेव्हा बाबा पलंगावर पाय वर करून पाणी पीत होते आणि मी वारा घालत होते. "पेशंट कोण?" त्यांनी विचारलं. मग मलाच खुर्चीवर बसवून म्हणाल्या, "मानेतल्या गाठी विरल्यात. छातीतली निम्म्याहून लहान झालीय. औषध चालू ठेवायचं, पण गाडी रुळावर आहे." मी म्हटलं, मला माहीतच होतं. बाबा उठले, खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "गाडी नीट लावलीय का, बघतो." (आम्ही बसने गेलो होतो.)

तुझी लाडकी,
टकली

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. पुढच्या तपासणीला तू ये आणि बाबांना बाहेर बसव. ते फक्त तुलाच घाबरतात.

ता. ता. क. मशीनमध्ये अंधार होता आणि मी मुळीच घाबरले नाही, हे खरं. पण ती धडपड होईपर्यंत सगळा वेळ माझ्या पायाचा अंगठा कोणीतरी घट्ट धरून ठेवला होता, हे वर लिहायचं राहिलं. तेव्हा बाबांना चांगलं झाप, पण ते ऐकतील इतकं नको.