तिरका ठोकळा

वाशी, बुधवार, ६ फेब्रुवारी १९८५

महाप्याच्या कारखान्यातून टाकाऊ फळ्या आणून सीमासाठी ठोकळे केले, त्याला महिना झाला. अठ्ठेचाळीस ठोकळे, एकूण एक गुण्या लावून तपासलेला. सुतारकाम मला कुणी शिकवलं नाही, फळ्या वाया घालवत शिकलो. हे मी येईल त्याला ऐकवतो. मग सहा वर्षांच्या पोरीला एकही चूक का करू दिली नाही?

आज कामावरून आलो तेव्हा ती काहीतरी वेडंवाकडं रचून स्वतःशीच बोलत होती. मला बघितलं आणि गप्प झाली. ठोकळे मापाप्रमाणे ओळीत लावायला लागली.

"अगं, खेळ की."

"झालं खेळून, बाबा."

स्वयंपाकघरातून मालती म्हणाली, "साहेब आले ना राउंडला. आता कोण खेळतंय?" हसत म्हणाली, पण लागलं. पूल असा नसतो, मोठा ठोकळा खाली घे, दार कुठाय? महिनाभर मी तिच्याशी दुसरं बोललो काय? दाराबाहेरच थांबायला हवं होतं. कुणाशी बोलत होती ती? आता विचारलं तरी सांगणार नाही.

शेवटी तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. मुद्दाम एक ठोकळा दुसऱ्यावर तिरका ठेवला. वाटलं, पुढचं ती रचेल. ती बघत राहिली. मग माझ्याकडे न बघता बोटाने हळूच तो सरळ केला.