अंधारात बुडालेले बाबा

प्रिय बाबा,

नमस्कार. मी मजेत आहे, वेळेवर जेवतो. गुडघा कसा आहे? ताई, वाचताना माझ्या शिव्या गाळू नकोस.

काल अंधशाळेच्या मदतीसाठी आम्ही सगळ्या गायक-वादकांनी मिळून गाणं रेकॉर्ड केलं, व्हिडिओसकट. पहिली ओळ कोणी गायची यावरून गायकांची जुंपली. ओळ काय, तर ‘अंधारात बुडालेल्या जिवांनो’! मी म्हटलं, “माझे वडील आंधळे आहेत. मला व्हायोलिन त्यांनीच शिकवलं. ते कुठेही बुडालेले नाहीत!” संगीतकार म्हणतो, “भावना समजून घ्या, जरा रडवं वाजवा.” डोकंच फिरलं माझं. वाजवलं, पण रडवं नाही.

गाणं ठार बेसूर झालंय. पण व्हिडिओत सगळे मूर्ख फार देखणं रडलेत. आणि तो पहिल्यांदा दाखवणार कुठे, तर अंधशाळेत!

तुमचा, अजून सुरात असलेला,
धाकटा