वॉर्ड वाचवणारा माणूस

३ मार्च
माझी मालिका बंद पडून वर्ष झालं. मॅनेजर म्हणतो, सध्या सामाजिक प्रश्नांना मार्केट आहे. झाडं एका नटीने घेतलीत, भटकी कुत्री एका गायकाने. माझ्या वाट्याला सरकारी दवाखान्याचा प्रसूती वॉर्ड आला. तो बंद होतोय म्हणून नर्सेस दारातच धरणं धरून बसल्यात. आता माघार नाही. दवाखाना नक्की कुठे आहे, ते मॅनेजर उद्या कळवणार आहे.

५ मार्च
मंडपात भाषण ठोकलं. माता, माती, ममता! टाळ्याच टाळ्या. मोठ्या सिस्टर (नर्सेसच्या प्रमुख, हसणं वर्ज्य) नंतर म्हणाल्या, वॉर्ड बंद होतोय हे सांगायचं तेवढं राहिलं. तपशील हो. भावना पोचली ना?
मग सेल्फीसाठी झुंबड. फाटक अडलं. बाहेर गाडीत एका बाईला कळा येत होत्या. सिस्टरांनी गर्दी हाताने बाजूला सारून तिला आत नेलं. तिची सासू जाता जाता माझ्याकडे बघून काहीतरी पुटपुटली. आशीर्वाद असावा.

९ मार्च
एक दिवसाचं उपोषण. सकाळी कॅमेऱ्यासमोर सुरू केलं. कॅमेरे गेल्यावर चक्कर आली. गाडीत बसून सँडविच खाल्लं. काचा काळ्या आहेत, तेव्हा उपोषण मोडलं असं कुणी म्हणू शकत नाही. ड्रायव्हर हसला. त्याला 'लाक्षणिक' या शब्दाचा अर्थ समजावून सांगितला.

१२ मार्च
आरोग्यमंत्र्यांचं बोलावणं! सिस्टरांनी बजावलं होतं, एकटे जाऊ नका, आमच्यातल्या दोघींना न्या. पण गाडीत मेकअपवाला होता. जागा कुठली?
मंत्री माझ्या पाया पडायचेच बाकी राहिले. त्यांच्या आईने मालिकेचा एक भाग चुकवला नाही म्हणे. चहा कसा झालाय, असं त्यांनी आपुलकीने विचारलं. म्हणालो, मी अगदी समाधानी आहे. फोटो झाले.

१३ मार्च
पेपरात मथळा: 'मी अगदी समाधानी! आंदोलनाच्या नेत्याची मंत्र्यांना ग्वाही.' फोटो मात्र फक्कड. हनुवटी एकच दिसते.
सिस्टरांचा फोन. ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, आंदोलन मिटलं म्हणून मंडप उपटायला माणसं आलीत, आत्ताच्या आत्ता खुलासा करा. मी म्हणालो, मॅनेजरला विचारतो. मॅनेजर म्हणाला, मंत्री तुम्हाला खात्याच्या जाहिरातीत घेतायत, तोंड बंद ठेवा. दूरदृष्टी ठेवून गप्प बसलो.
रात्रीचे दोन वाजले, झोप येत नाहीये. कालचा चहा फार कडक होता.

२० मार्च
मंडप गेला, बाया नाही गेल्या. उलट वाढल्या! वॉर्डात बाळंत झालेल्या तान्ही पोरं काखोटीला मारून, बाळंत होणार असलेल्या पोट सावरत, सगळ्या जणी मंत्र्यांच्या कचेरीच्या जिन्यावर ठाण मांडून बसल्यात. पोरं टाहो फोडतात, आत कुणाला फोनवर बोलता येत नाही. माझ्या भाषणातली ममता इतक्या लवकर रुजेल असं वाटलं नव्हतं.
पाठिंब्याला जावं का? बायको म्हणाली, नको, त्यांचं चांगलं चाललंय. शिवाय सोमवारी जाहिरातीचं शूटिंग.

२४ मार्च
आदेश मागे! वॉर्ड सुरू राहणार! जाहिरात रद्द. मंत्र्यांना आता तीत नर्सेस हव्यात. असो, जनहित मोठं.
आमंत्रण पोचलं नव्हतं (टपाल खात्याचा गलथानपणा), तरी दवाखान्यातल्या जल्लोषाला मोठ्या मनाने गेलो. कॅमेरे दिसताच पुढे झालो आणि म्हणालो, हा लढा सोपा नव्हता. बातमीदार मुलगी म्हणाली, काका, जरा बाजूला होता का? मागच्या सिस्टर दिसत नाहीयेत.
झालो बाजूला. मोठ्या सिस्टर दोनच वाक्यं बोलल्या आणि कामाचा खोळंबा होतो म्हणून आत निघून गेल्या. माझं नाव नव्हतं. शिवीही नव्हती. टाळ्या मीही वाजवल्या.
घरी येऊन सगळे चॅनेल पालथे घातले. एका ठिकाणी माझं कोपर दिसतं. बायकोने लगेच ओळखलं.